मेलेल्या गड्यांची यादी

अकोटच्या मैदानावर आमच्या लहानपणी कुणी आउट होत नसे. मरत असे.

घरात तो शब्द तोंडातून निघाला की आजी रागवायची. दिवेलागणीला असलं बोलू नये, म्हणायची. मैदानावर मात्र पूर्ण मुभा. एकेक पोट्टा संध्याकाळभरात चार-पाचदा मरायचा, तेवढ्याच वेळा उठायचा आणि हातपाय धुऊन जेवायला बसायचा.

मरायला मुभा असली तरी मेल्यावरचे नियम पक्के होते. कुठे बसायचं, किती वेळ बसायचं, परत यायचं ते कुणाच्या जोरावर, काय गमावून. प्रत्येक खेळाचं उत्तर निराळं. हरवलेल्या खेळांच्या याद्या पुष्कळांनी केल्या आहेत. ही यादी त्या उत्तरांची आहे. काही गेली, काही जायला निघाली आहेत.

मेलो

पंच नसायचा. काळ्या मातीत पायाच्या अंगठ्याने ओढलेली रेघ, फार तर तिच्यावर चुलीतली राख. तिसऱ्या चढाईपर्यंत ती पुसलेली असे. हात लागला की नाही, पाय रेघेबाहेर पडला की नाही, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. मग कुणीतरी विचारायचं, "लागला का रे? घे मायची आन."

आन घेता आली तर घ्यायची, नाहीतर "मेलो" म्हणून बाजूला व्हायचं. खोटी आन घेणाऱ्याला त्या डावात कुणी अडवत नसे. दुसऱ्या दिवशी गडी वाटून घेताना तो शेवटपर्यंत उभा राही. रडीचा डाव खेळल्याची शिक्षा एवढीच, आणि ती पुरायची.

आता मोठ्या स्पर्धांत पंचाचा निर्णय पटला नाही तर संघ रिव्ह्यू मागतो आणि कॅमेऱ्यात पाहून निकाल लागतो. निकाल बरोबर येतो, ते चांगलंच. पण आपलं मरण आपल्या तोंडाने सांगायचं काम गड्याकडे उरलं नाही.

रेघेबाहेरची जागा

मेलेला घरी जात नसे. मैदानाच्या कडेला, बाभळीच्या बारक्या सावलीत, मेलेल्यांची रांग बसे. मरणाच्या क्रमाने. पहिला मेला तो पहिला, मग दुसरा, मग तिसरा. उठायचंही त्याच क्रमाने. कबड्डीच्या छापील नियमांतही हा क्रम आहे. कप्तानाला वाटलं म्हणून मागचा पहेलवान आधी उठवता येत नसे. पुढे बसलेलं किडमिडीत पोरगं आधी उठणार, मग तो.

तिथे बसल्यावर खेळ वेगळा दिसायचा. मैदानात असताना समोरचा हात तेवढा दिसतो. बाहेरून आपल्या गड्याचा दम कुठे तुटतोय, कोपऱ्यातला गडी कधी बेसावध आहे, हे कळतं. मी खेळ शिकलो तो बराचसा या रांगेत.

संजीवनी

महाराष्ट्रात हुतूतूचे, म्हणजे आजच्या कबड्डीचे, तीन प्रकार खेळले जात: संजीवनी, गनिमी आणि अमर. तिन्हींत दम तोच, पकड तीच, लाथही तीच. फरक फक्त मेलेल्याचं काय करायचं, याचा. एका खेळाचे तीन खेळ झाले ते एवढ्या एका प्रश्नावरून.

संजीवनीत समोरचा एक मेला की आपला एक उठतो. "जिता झाला!" अशी आरोळी उठायची आणि रांगेतला पहिला धूळ झटकत आत धावायचा. शुक्राचार्यांच्या संजीवनी विद्येची, कच मरून पुन्हा पुन्हा उठल्याची गोष्ट कीर्तनात ऐकलेली असायची, म्हणून नाव कुणाला समजावून सांगावं लागत नसे. आत गेलेल्या गड्याला एक गोष्ट पक्की माहीत असे. आपण उठलो ते आपल्या कर्तबगारीने नव्हे. दुसऱ्या कुणीतरी दम धरला, कुणालातरी शिवून तो परत आला, म्हणून आपण उठलो.

तिघांत टिकला तो हाच. १९१४ साली अमरावतीत स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे गेला आणि आपल्या देशी खेळांबरोबर कबड्डी दाखवून आला. १९५०मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ झाला, १९९०च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदक मिळू लागलं, २०१४पासून प्रो कबड्डी दूरचित्रवाणीवर आली. मातीची मॅट झाली, दमाला तीस सेकंदांचं घड्याळ लागलं. मेलेल्याने बाहेर बसायचं आणि सोबत्याने त्याला उठवायचं, हा नियम मात्र तसाच आहे. यादीत शाबूत म्हणावी अशी ही एक नोंद.

गनिमी

इथे मेला तो मेला. आपला अख्खा संघ मरेपर्यंत उठणं नाही. वेळेचं बंधन नाही, त्यामुळे डाव लांबत जाई. संघातला सर्वांत चांगला गडी पहिल्याच चढाईत गेला तर तो तासभर बसून राही आणि उरलेल्यांना त्याच्यावाचून लढावं लागे. दुबळी समजली गेलेली पोरं या प्रकारात पुढे आली. शेवटी एकटा उरलेला गडी समोरच्या सातांत घुसतो आणि त्याचे सहा मेलेले सोबती कडेला श्वास धरून बसतात, हे दृश्य ज्याने पाहिलं तो विसरत नाही. आता पाहायला मिळत नाही.

अमर

इथे मेलेला बाहेर जातच नसे. तो मेला याची खूण तेवढी मातीत ओढायची आणि खेळ पुढे चालू. सगळे शेवटपर्यंत मैदानात. कच्च्या खेळाडूला यात सराव भरपूर मिळे, हा त्याचा मोठा गुण. उणीव अशी, की चुकीची किंमत खुणांत मोजली जाई, अंगाला लागत नसे. अधिकृत स्पर्धांतून हा प्रकार गेला. पण मेल्याचा गुण मोजा आणि खेळ चालू ठेवा, ही रीत आजच्या किती खेळांत आहे, हे पाहिलं की वाटतं, नाव गेलं, अमर राहिला.

लोण

आट्यापाट्यांतला शब्द. एकामागून एक पाट्या ओलांडत शेवटच्या पाटीपलीकडे जायचं आणि तिथून परत फिरायचं. पाटीवाल्याचा हात लागला की मेला. जो जिवंत परत येई, तो लोण घेऊन येई. लोण म्हणजे मीठ. या खेळाला लोणपाट असंही नाव होतं. चळवळीचं लोण खेड्यापाड्यांत पोचलं, असं आपण लिहितो, ते इथलं.

कबड्डीत लोण उलट्या बाजूने आलं. समोरचे सातही मेले की त्यांच्यावर लोण चढतं, दोन जादा गुण मिळतात आणि ते साती जण एकदम उठतात. म्हणजे सगळेच मेले तर कुणालाच मेलेलं ठेवता येत नाही, कारण खेळायला समोर कुणी तरी लागतं. खेळाचं हे शहाणपण मला फार उशिरा कळलं. आट्यापाट्यांची मैदानं अकोटात आता आखलेली दिसत नाहीत. शब्द वर्तमानपत्रात उरला.

साखळी, विषामृत, डबा

या तिन्ही खेळांना सामान म्हणून फार तर एक डबा लागतो, म्हणून एकत्र.

साखळीत मेलेला मारणाऱ्याचा हात धरतो आणि त्याच्या बाजूने धावतो. आत्तापर्यंत ज्यांच्याबरोबर पळत होता त्यांनाच पकडायला. शेवटचा उरलेला सगळ्या गावापुढे एकटा.

विषामृतात "विष" म्हणून शिवलं की जागच्या जागी दगड व्हायचं. हलायचं नाही. आपल्यातलं कुणी जीव धोक्यात घालून जवळ येईल, हात लावील आणि "अमृत" म्हणेल तेव्हाच पाय सुटतात. जिला कुणी अमृत द्यायला आलं नाही ती पोरगी अंधार पडेपर्यंत उभी राहायची. मैत्रीण कोण, हे त्या दिवशी समजायचं.

डबा ऐसपैसमध्ये पकडलेले सगळे डब्याजवळ जमा होत. एकाने चोरपावलांनी येऊन डबा उडवला की सगळे मोकळे, आणि ज्याच्यावर राज्य त्याची सारी मेहनत मातीत.

तीन खेळ, मरणाच्या तीन तऱ्हा. एकात मेलेला शत्रू होतो, दुसऱ्यात सोबत्याची वाट पाहतो, तिसऱ्यात एकाच्या धाडसाने सगळे सुटतात. पोरांना हे तिन्ही अनुभव एका संध्याकाळी मिळत.

कच्चं लिंबू

सर्वांत लहान भावंडाला घरी सोडता येत नाही आणि खेळात घेतलं तर ते लगेच मरतं. म्हणून ते कच्चं लिंबू. त्याला शिवलं तरी मेलं नाही, त्याने शिवलं तरी कुणी मेलं नाही. ते फक्त सगळ्यांबरोबर धावतं.

एक दिवस ते लिंबू रडत यायचं. "मी पण मरणार," म्हणायचं. मोठी पोरं एकमेकांकडे बघत आणि सांगत, "बरं. आजपासून तू पक्का." त्या दिवसापासून त्याला शिवलं की ते मरे आणि रांगेत जाऊन बसे. ते मोठं झालं हे ठरवण्याची आमच्याकडे हीच रीत होती. घरात एकच मूल आणि अंगणात गाडी, तिथे कच्चं लिंबू कोण होणार?

तोड

उन्हाळ्याच्या दुपारी बायका ओसरीवर अष्टा-चंगा मांडत. फरशीवर कोळशाने पट, फुल्यांची घरं, चार कवड्या किंवा फोडलेले चिंचोके. सोंगट्या म्हणून बांगड्यांचे तुकडे, तुरीचे दाणे, सरकी, खडे. जिच्या हाती जे येईल ते. फुलीवर बसलेली सोंगटी मरत नाही. फुलीबाहेर सापडली की मेली, आणि मेलेली पुन्हा आपल्या घरातून पहिल्यापासून चालू लागते. सगळी चाल वाया.

तोड नावाचा नियम याहून कडक होता. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आपली आतल्या घरांत शिरू शकत नाही. पिकायचं असेल तर आधी कुणाला तरी मारलं पाहिजे. जिला जाऊबाईंची सोंगटी मारायचा जीव होत नसे, ती बाहेरच फिरत राही. फिरता फिरता तिचीच मारली जाई. वेरुळच्या लेण्यांत शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरले आहेत. शंकर हरतो आणि त्याचा नंदी पणाला गेलेला असतो. ओसरीवर पणाला काही नसे. तरी मेलेल्या सोंगटीचा राग दोन-दोन दिवस जात नसे, हे मी पाहिलं आहे.

लुडो आला. सोंगटी मरून घरी जाते, ते त्यातही आहे. तोड बहुतेकांनी गाळली.

मोक्षपट

सापशिडीचा हा जुना अवतार ज्ञानेश्वरांनी रचला, अशी परंपरा आहे. पटाच्या तळाशी जन्म, माथ्यावर मोक्ष. शिड्या सद्गुणांच्या, साप काम-क्रोधादिकांचे. सापाने गिळलं की खाली, पुन्हा चाल, पुन्हा जन्म. मेल्यावर काय होतं, हाच या खेळाचा विषय. पडलेल्याला कुठल्या सापाने गिळलं त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि मग पुढची कवडी टाकायची.

हा पट इंग्लंडात गेला, तिथून अमेरिकेत. १९४३मध्ये तिथे निघालेल्या रूपात साप काढून घसरगुंड्या घातल्या. दुकानात आज मिळतो त्या पटावर साप परत आलेत, पण त्यांच्या तोंडावरची नावं पुसली गेली आहेत. मूल नव्व्याण्णववरून खाली येतं आणि कशामुळे आलं हे त्याला कुणी सांगत नाही.

प्यादं

अकोट सतरंज्यांचं गाव. इथल्या सुती सतरंज्यांची नोंद इंग्रजी अमदानीच्या गॅझेटियरमध्ये आहे. सतरंजी हा शब्द शतरंजवरून आला असं मानतात, पटासारख्या चौकड्यांवरून. लग्नकार्यात अंथरलेल्या सतरंजीवर म्हातारे लोक त्याच चौकड्या मोजत बुद्धिबळाचा डाव मांडायचे, ते देशी नियमांचे.

त्या नियमांत प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ते हवं ते होत नसे. ज्या घरात पोचलं त्या घराचं मोहरं व्हायचं: हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. काही ठिकाणी आणखी एक अट असे, की ते मोहरं आधी मेलेलं असलं पाहिजे. म्हणजे प्यादं पुढे जाई ते मेलेल्या हत्तीला परत आणायला. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमात ते थेट वजीरही होऊ शकतं, पहिला वजीर पटावर जिवंत असला तरी.

सगळी मोहरी मरून राजा एकटा उरला तर बुर्जी. एकट्या राजाला मारण्यात पुरुषार्थ नाही, डाव अर्धा सुटला. आणि प्याद्याकडून मात झाली तर ती प्यादेमात, हरणाऱ्याला फार लागणारी. सतरंज्यांची जागा प्लास्टिकच्या खुर्च्यांनी घेतली. बुर्जी हा शब्द आता विचारला तर लोक अंड्यांची समजतात.

हिरा

आता दूरची एक नोंद, कारण प्रश्न तोच आहे.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ काढला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येक जण एक पात्र होतो, सूत्रधार गोष्ट पुढे नेतो, फासे निकाल देतात. एक पात्र वर्षानुवर्षं चालतं. त्यामुळे ते मेलं तर काय, हा प्रश्न तिथे फार जड आहे. या खेळाच्या प्रत्येक पिढीने त्याचं निराळं उत्तर दिलं. १९७८च्या पुस्तकात मंत्राने उठवलेल्या पात्राची शरीरशक्ती दर खेपेला एकाने कायमची घटे. किती वेळा उठायचं यालाही मर्यादा होती. २०००च्या आवृत्तीत उठणाऱ्याची एक पायरी कमी होई. २०१४च्या आवृत्तीत कोसळलेल्यासाठी वीस बाजूंचा फासा टाकतात. दहा किंवा वर तीनदा पडलं तर जीव तगतो, खाली तीनदा पडलं तर जातो. गेलाच, तर दहा दिवसांच्या आत पाचशे मोहरांचा हिरा खर्चून सोबती त्याला उठवू शकतात. उठल्यावरही काही दिवस तो अशक्त राहतो.

ते वाचलं तेव्हा मला बाभळीखालची रांग आठवली. हिरा कुणाचा खर्च होतो? सोबत्यांचा. ज्याचं पात्र मेलं तो माणूस टेबलाशीच बसून असतो आणि बाकीचे आपसांत ठरवतात. संजीवनीच ती.

लॉबी

अकोटच्या बसस्टँडवर पोरं मोबाइलवर लढाई खेळतात. "नॉक झालो, रिवाइव्ह दे," असं एक जण ओरडतो आणि दुसरा धावत जाऊन त्याला उठवतो. हे ऐकून मला बरं वाटतं. विषामृत पुसलं गेलं नाही, त्याने कपडे बदलले.

पण कुणी उठवायला आलं नाही आणि गडी पुरता मेला, की अंगठ्याचा एक ठोका आणि तो लॉबीत. तिथून दुसरा डाव, दुसरे सोबती. मागचे तिघं अजून लढत असतात. ते जिंकले की हरले हे त्याला ठाऊक नसतं. थांबून पाहायची सोय त्या खेळात आहे. थांबणारे थोडे.

या यादीत सर्वांत वेगाने चाललेली गोष्ट हीच: मेल्यावर बसून राहणं. खेळ जातात, नवे येतात, त्याचं दुःख किती करायचं? पण रेघेबाहेर बसलेला गडी अजून आपल्या संघाचा असे. त्याच्या हातात काही नसताना तो पाहत असे, आणि आतल्यांना तो दिसत असे. चढाईला निघालेला गडी एकदा त्या रांगेकडे बघून दम धरायचा. कुणाला तरी उठवायचं आहे, हे बघून.

या उन्हाळ्यात पोरांना अंगणात घ्या. एक रेघ जास्तीची ओढा, मेलेल्यांच्या बसण्यासाठी. जिंकायचं कसं ते मग सांगा. आधी सांगा, मेलास तर कुठे बसायचं, आणि तुला कोण उठवणार.